म्हणे धाडसी दर्यावर्दी!

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर वास्को द गामाची रील आली. मागे तुतारी, वर ‘धाडसाला सलाम’, आणि खाली आपल्याच मंडळींचे जोडलेले हात. डोकंच फिरलं.

१५०२ सालचं ‘मिरी’ जहाज माहितीये का यातल्या एकाला तरी? मक्केहून परतणारे शेकडो यात्रेकरू, बायका-पोरांसकट. याने आधी ते लुटलं, मग माणसांसकट पेटवून दिलं. बायका तान्ही पोरं वर धरून, अंगावरचे दागिने दाखवून गयावया करत होत्या. हे त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपिशने लिहून ठेवलंय, कुठल्या शत्रूने नाही.

आत्याला घेऊन कोचीला गेले होते. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये याची कबर दाखवतात. १५२४ मध्ये तो कोचीतच मेला, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. आत काही नाही, पण भोवती कठडा आणि फोटोंना रांग! गाइडचं ‘ग्रेट, ग्रेट’ चाललेलं. आत्या शांतपणे म्हणाली, “अरे, जहाज जाळलेलं सांगायचं राहिलं तुझं.” तो म्हणे, “मॅडम, टाइम नाही, अजून चायनीज नेट्स बघायचीत.”

आफ्रिकेला वळसा घालून येणं खायचं काम नव्हतं, मान्य. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून कालिकतला त्याला तिथे मिळालेला वाटाड्या घेऊन आला. आणि सामुद्रीसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, नजराणा काय, तर टोप्या, हात धुवायची भांडी, मध! दरबारी हसले.

१५०० मध्ये कालिकतला पोर्तुगीजांची वखार लुटून माणसं मारली होती, हेही खरं. मग सूड यात्रेकरूंवर? ‘तेव्हा सगळे असेच होते’ हे तर मला सांगूच नका. आत्याच्या त्या गाइडसारखंच झालं हे, टाइम नाही, पुढे चला.

असो. आत्या स्वतः गोव्यातल्या वास्को शहराची. श्रावणात दामोदराचा सप्ताह सोडून ती कुठे हलत नाही. शहराचं नाव बदला म्हणणाऱ्यांवर ती माझ्यापेक्षा जास्त चिडते, आणि मलाही नाव बदलून काही साधेलसं वाटत नाही. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर पणतूने बसवलेला त्याचा पुतळा आहे, तोही राहू दे. फक्त खाली ‘मिरी’ची एक पाटी लावा. खर्च मी देते, मजकूर आत्याकडून घ्या.