पंधरा गावांची एक कम्यून आणि आमची हद्दवाढ

दादाचा फोन आला तेव्हा तो ग्रामसभेच्या मंडपातच होता. मागं गलका चाललेला. "पुन्हा हद्दवाढीचं काढलंय बघ. शहरात गेलो की घरफाळा वाढणार, रानावर बागेचं आरक्षण पडणार. आम्ही ठराव केलाय, जायचं नाही."

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला खेटून. 1972 साली कोल्हापूरची महापालिका झाली, पण शहराची हद्द तेव्हापासून एक इंचही सरकलेली नाही. शहरवाले म्हणतात, 66.82 चौरस किलोमीटरमध्ये साडेपाच लाख माणसं कशी मावायची? केएमटीची शहर बस गावांना हवी, रस्ते हवेत, बाजार हवा, मग कर का नको? गाववाले म्हणतात, तुमच्याच उपनगरांत अजून गटारं नाहीत, आम्हाला काय देणार? दोघांचंही खरं आहे. मधे 42 गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण निघालं, पण वाद होता तिथंच आहे.

मी राहतो ते दोंब्रेसों हे स्वित्झर्लंडमधल्या नौशातेल कँटनचं, म्हणजे तिथल्या राज्याचं, एक शेतकरी गाव. ज्युरा डोंगरांच्या मधल्या या खोऱ्याचं नाव वाल-द-र्‍यू. खाली सेयों नदी, दोन्ही अंगांना गहू, बार्ली, मोहरीसारखं पिवळं फुलणारं कोल्झा, आणि वरच्या कुरणात गाई. आमच्याकडं सुगीला बैलांच्या घुंगरांनी रस्ता भरायचा तसा इथं मे-जूनमध्ये गाईंच्या घंटांनी भरतो. पहिल्या वर्षी ते ऐकून मला घराची फार आठवण आली होती.

1 जानेवारी 2013 रोजी या खोऱ्यातल्या पंधरा कम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गावकारभाराच्या संस्था, मिळून एक झाल्या. आँगोलोंच्या कम्यूनमध्ये तर शंभर माणसंही नव्हती. कारभार बघायला माणसं मिळेनात, कारण इथं गावचं काम लोक आपली शेती-नोकरी सांभाळून करतात. आता सुमारे 124 चौरस किलोमीटरची, म्हणजे कोल्हापूर शहराच्या जवळजवळ दुप्पट जागेची एकच कम्यून आहे. तिच्यात साधारण सतरा हजार लोक राहतात आणि पाच जणांचं मंडळ कारभार बघतं.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तिथंबी गावं गिळलीच की."

नाही दादा. ही गावं नौशातेल शहरात गेली नाहीत. शहर डोंगरापलीकडं अर्ध्या तासावर आहे, पण गावं एकमेकांत मिसळली. आणि आधी 2011 मध्ये गावोगाव मतदान झालं. खोऱ्यातलं सोळावं गाव, व्हालांजँ, बाहेर राहिलं. त्याला कुणी ओढून आत घेतलं नाही. ते पुढं 2021 मध्ये नौशातेल शहरात सामील झालं.

आपल्याकडं राज्य सरकार अधिसूचना काढतं आणि हरकती मागवतं. गावाचं मतदान घ्यायची तरतूदच नाही. ग्रामसभेचे ठराव फाईलला लागतात, आणि मग रस्त्यावर उतरून गाव बंद करण्याखेरीज लोकांच्या हातात काही उरत नाही. हद्दवाढीला गावं विरोध करतात याचं मला कधीच नवल वाटलं नाही. ज्या महापालिकेत 2020 नंतर पाच वर्षं निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, नुसता प्रशासक होता, तिच्यात आपणहून कोण जाईल?

इथंही सगळीकडं गावांना असं विचारलं गेलं असं नाही. ग्लारुस कँटनमध्ये 2006 साली मोकळ्या मैदानातल्या सभेत हात वर करून 25 कम्यूनच्या तीन करायचं ठरलं. सरकारचा प्रस्ताव दहाचा होता, तीनची सूचना सभेतल्या एका नागरिकानं मांडली. ज्या गावाला ते नको होतं, त्याचं मत कँटनच्या गर्दीत हरवलं. मला ती पद्धत पटत नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि खरी भीती तिथंच आहे. इथं कम्यून मोठी झाली म्हणून एकही शेत आपोआप बिगरशेती झालं नाही. शेतजमीन साधारणपणे ती स्वतः कसणाऱ्यालाच विकत घेता येते. 2013 च्या मार्चमध्ये बांधकामाचं क्षेत्र आवळणारा कायदा सार्वमतात जवळजवळ 63 टक्के मतांनी मंजूर झाला. हद्द बदलली तरी ऊस काढून प्लॉट पाडायची घाई सुटणार नाही, एवढी खात्री दादाला मिळाली तर त्याचा निम्मा विरोध तिथंच मावळेल.

21 जून 2019 ला इथं दोंब्रेसोंवर आणि शेजारच्या व्हिलिएवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, ओढा रस्त्यात घुसला, एक माणूस गेला. दीड महिन्यानं तिकडं पंचगंगेनं कोल्हापूरजवळची चिखली-आंबेवाडी बुडवली. पाण्याला गावाची शीव कळत नाही. पूर, सांडपाणी, कचरा एकट्या ग्रामपंचायतीला पेलत नाही, हे दादाही मान्य करतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की शहरात जायचं की जायचं नाही, एवढ्यावर अडून राहू नका. शेजारची चार-सहा गावं मिळून आपली एक नगरपरिषद करा. पुण्याजवळ फुरसुंगी आणि उरुळी देवाचीनं असाच रस्ता धरला. 2017 ला महापालिकेत गेलेली ही गावं 2024 मध्ये बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. पण आधी प्रत्येक गावात मतदान घ्या, कायद्यात नसलं तरी शाळेत पेटी ठेवून घ्या. जे गाव नाही म्हणेल त्याला राहू द्या.

मी परदेशी नागरिक आहे, तरी 2024 मध्ये वाल-द-र्‍यूच्या निवडणुकीत मी मत दिलं. परदेशी रहिवाशांना गावपातळीवर मत देण्याचा हक्क या कँटननं पहिल्यांदा 1849 मध्ये दिला होता. माझ्या या गावानं मला विचारलं. दादा मात्र जन्मल्यापासून आपल्या गावात आहे, आणि त्याच्या रानाचं काय करायचं हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

त्याला हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर दोन दिवसांनी आलं. "शेजारच्या सरपंचाशी बोललो. ते म्हणतात, नगरपरिषद चालेल, पण कचऱ्याची जागा कुणाच्या गावात करायची ते आधी लिहून द्या."