सीटीसी नको, फोड सांगा

एमबीए झालेल्या मुलींनी एकमेकींना 'आधार द्यावा' असं एका लेखात वाचलं. कसा, यावर एक ओळ नाही. पगारापासून सुरुवात करा. नुसता सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगून उपयोग नाही, त्यात बहुधा कंपनीचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के) आणि ग्रॅच्युइटी (४.८१ टक्के) धरलेली असते, व्हेरिएबलही (कामगिरीवर ठरणारा भाग) पूर्ण मिळेलच असं नाही. फिक्स्ड, व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस वेगवेगळे सांगा. लवकर सोडलं तर बोनस परत करावा लागतो का, हेही.

हे बोलायला गट करा, तो पाच-सहा जणींचाच ठेवा. एकाच कंपनीतली वरिष्ठ-कनिष्ठ जोडी नको, नाहीतर खरा आकडा कुणी बोलत नाही. पुण्यात असाल तर भेट शनिवारी सकाळी डेक्कनला. आठवड्यात शहराच्या दोन टोकांच्या हिंजवडी आणि खराडीवाल्या एकत्र येणं विसराच!

रेफरल (मैत्रिणीने तिच्या कंपनीत तुमचं नाव सुचवणं) मागताना जॉब आयडी, सीव्ही आणि त्या पदाशी जुळणाऱ्या कामाच्या तीन ओळी पाठवा. "काही असेल तर सांग ना" यावर कुणी काय करणार?

मूल हवं असलेली मैत्रीण नोकरी बदलत असेल तर तिला आठवण करून द्या: २६ आठवड्यांच्या पगारी रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं.