‘मेजर घ्या, डॉट लावा, पळत सुटा’: या सल्ल्याचा हिशेब

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी जे कोणी यूएसपीएसएच्या (जागा बदलत, घड्याळ लावून पिस्तुलाने नेम मारण्याच्या खेळाची तिथली संघटना) मॅचला जायला लागतात, त्यांना पहिल्या महिन्यातच एक सल्ला मिळतो. रेंजच्या पार्किंगमध्ये मिळतो, मित्रांच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन मिळतो. सल्ला असा: ‘साध्या पिस्तुलात वेळ घालवू नका. जमलं तर ओपन घ्या, नाहीतर निदान मेजर. डॉट लावाच. दहा गोळ्यांच्या मॅगझीनने काही होत नाही. आणि स्टेजवर फार डोकं लावू नका, पळत सुटा. ए लागो की सी, शेवटी घड्याळच जिंकतं. एखादा मिस गेला तर गेला.’ (स्टेज म्हणजे मॅचमधला एक डाव. डॉट म्हणजे काचेत ठिपका दाखवणारी नेमाची दुर्बीण, मेजर म्हणजे जास्त जोराच्या गोळ्या, ओपन म्हणजे सगळ्या सोयी लावलेल्या पिस्तुलांचा गट. ए आणि सी हे टार्गेटवरचे भाग.)

एकेक वाक्य घेऊ, पण शेवटून. घड्याळाचा मुद्दा निकालात निघाला की बाकीचे बरेचसे आपोआप ढिले पडतात.

‘शेवटी घड्याळच जिंकतं.’

स्टील चॅलेंजमध्ये हे बरोबर आहे. तिथे लोखंडी पाट्या वाजवायच्या आणि लागलेला वेळ हाच स्कोअर. यूएसपीएसएमध्ये मात्र स्कोअर म्हणजे गुण भागिले सेकंद. याला हिट फॅक्टर म्हणतात. पुठ्ठ्याच्या टार्गेटवर मधल्या ए ला पाच गुण. त्याबाहेरच्या सी ला मेजरमध्ये चार आणि मायनरमध्ये (कमी जोराच्या गोळ्या) तीन, डी ला अनुक्रमे दोन आणि एक. मिसला उणे दहा, पांढऱ्या नो-शूटला, म्हणजे मारू नये अशा टार्गेटला, गोळी लागली तरी उणे दहा. स्टेजवर ज्याचा हिट फॅक्टर सगळ्यांत जास्त, त्याला त्या स्टेजचे पूर्ण गुण आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. स्वप्नील कुसळेचं पॅरिसचं कांस्य आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या खेळात वेळ ही फक्त मर्यादा असते, गुण ठरतात ते गोळी कुठे लागली त्यावर. इथे वेळ थेट भागाकारात येते. पण भागाकार करायला वरती काहीतरी असावं लागतं, आणि सल्ला देणारे नेमकं तेच विसरतात.

बत्तीस गोळ्यांची, १६० गुणांची एक लांब स्टेज घ्या. तिघेही मायनर.

पहिला जपून खेळतो. बत्तीसच्या बत्तीस ए, वेळ २३ सेकंद. हिट फॅक्टर ६.९६.

दुसरा २२ ए आणि १० सी, वेळ १८ सेकंद. गुण १४०, हिट फॅक्टर ७.७८.

तिसऱ्याने सल्ला मनावर घेतलाय. १५.५ सेकंदांत तो स्टेज उरकतो आणि बघणारे ‘वाह’ म्हणतात. मग आरओ (रेंज ऑफिसर) टॅबलेट घेऊन टार्गेटामागून टार्गेट फिरतो आणि पुकारत जातो: ‘अल्फा चार्ली... चार्ली डेल्टा... अल्फा माइक.’ म्हणजे ए, सी, डी आणि मिस. भोकांवर पेस्टर (कागदी ठिगळं) चिकटवणारे गप्प. १४ ए, १२ सी, ४ डी, २ मिस. सत्तर अधिक छत्तीस अधिक चार, वजा वीस, म्हणजे नव्वद. हिट फॅक्टर ५.८१.

दुसऱ्याला १६० स्टेज गुण, पहिल्याला साधारण १४३, तिसऱ्याला ११९. घड्याळात पहिला आलेला गुणांत शेवटचा. मात्र हेही बघा की सगळे ए मारणाराही हरला. ‘आधी अचूकता, वेग आपोआप येतो’ हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही इथे पुरत नाही.

‘ए लागो की सी...’

इथे थोडं थांबायला हवं, कारण पूर्ण खेळ या एका प्रश्नात आहे. सी चा ए करण्यासाठी किती वेळ खर्च करावा? हिट फॅक्टर म्हणजे सेकंदाचा भाव. पैसे गावी पाठवण्याआधी डॉलरचा भाव बघतो तसा हा बघायचा. भाव ७.७८ असेल तर एक सेकंद ७.७८ गुणांना पडतो. मायनरमध्ये सी आणि ए यांत दोन गुणांचा फरक, म्हणजे पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ त्यासाठी परवडतो. डॉट स्थिर दिसेपर्यंत थांबायला तेवढा पुरतो.

लांबची, आडोशातून डोकावून मारायची स्टेज असेल आणि तिथले चांगले लोक तीनच्या आसपास हिट फॅक्टर काढत असतील, तर त्याच दोन गुणांसाठी तुमच्याकडे ०.६७ सेकंद आहेत. तिथे घाई करणं हा मूर्खपणा. उलट तीन-चार यार्डांवर टार्गेटं उभी आहेत आणि भाव बाराचा आहे, तर जेमतेम ०.१७ सेकंद. तिथे दुसऱ्यांदा नेम साधत बसणं महाग पडतं. म्हणजे ‘पळा’ किंवा ‘जपा’ हे दोन्ही सल्ले स्टेज न बघता देताच येत नाहीत. आयडीपीए या दुसऱ्या पिस्तूल-खेळात हा प्रश्न सोपा आहे. तिथे २०१७ पासून गमावलेल्या प्रत्येक गुणाला सरळ एक सेकंद लावतात, भाव बदलत नाही. यूएसपीएसएमध्ये तो दर स्टेजला बदलतो, म्हणून बझर वाजण्याआधीच्या पाच मिनिटांच्या फेरीत पावलं मोजण्याइतकंच हेही ठरवावं लागतं.

‘मिस गेला तर गेला.’

अख्ख्या सल्ल्यात सगळ्यांत महाग वाक्य हेच. मिसचे उणे दहा, शिवाय न मिळालेले गुण. त्याच जागेवरून एक गोळी जास्त मारून नुसता सी मिळवला तरी मायनरमध्ये तेरा गुण परत येतात. ७.७८ च्या भावाने तेरा गुण म्हणजे दीड सेकंदाहून जास्त, आणि जादा गोळीला उभ्या उभ्या अर्धा सेकंदही लागत नाही. कॉमस्टॉक पद्धतीत कितीही गोळ्या मारता येतात, प्रत्येक टार्गेटवरच्या उत्तम दोन धरतात. आपल्या तिसऱ्या भिडूने दोन्ही मिस जागच्या जागी भरून काढले असते, एक पूर्ण सेकंद जास्त घालवून, तर ११६ भागिले १६.५, म्हणजे ७.०३. सगळे ए मारणाऱ्या पहिल्याच्याही पुढे!

अट एकच, मिस गेला हे तिथल्या तिथे कळायला हवं. गोळी सुटताना डॉट किंवा पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) कुठे होती हे बघायची सवय लागते, आणि पळत सुटलेल्या माणसाला ते दिसत नाही. पुढच्या जागी पोहोचल्यावर आठवलं तर मात्र सोडून द्या, परत यायला दोन-तीन सेकंद जातात.

‘निदान मेजर घ्या.’

मेजर-मायनर ठरतं पॉवर फॅक्टरवर: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले दर सेकंदाला फुटांत वेग, भागिले हजार. यूएसपीएसएमध्ये मायनरला १२५ लागतात, मेजरला १६५. ९ एमएमची १२४ ग्रेनची गोळी १,०५० फुटांनी गेली तर १३०.२, मायनर. पॉइंट फोर्टीची (०.४० इंच व्यासाची) १८० ग्रेनची ९४० फुटांनी गेली तर १६९.२, मेजर.

मेजरचा फायदा खरा आहे, नाकारत नाही. दुसऱ्या भिडूच्या दहा सींना मेजरमध्ये दहा गुण जास्त मिळाले असते. १५० भागिले १८, म्हणजे ८.३३. पण हे धक्का तितकाच धरून. जास्त धक्क्यामुळे त्याला त्याच स्टेजला १.२९ सेकंद जास्त लागले, तर सगळा फायदा खलास. बत्तीस गोळ्यांत विभागून बघा: गोळीमागे ०.०४ सेकंद. आणि जसजसे तुमचे सी कमी होतात तसतसा मेजरचा फायदाही आक्रसतो. पाचच सी असतील तर जेमतेम ०.६ सेकंदाची उसंत.

शिवाय मेजर प्रत्येक डिव्हिजनमध्ये (पिस्तुलाच्या प्रकारानुसार पाडलेल्या गटात) मिळतही नाही. प्रॉडक्शन, कॅरी ऑप्टिक्स, लिमिटेड ऑप्टिक्स इथे सगळ्यांना मायनरच. लिमिटेडमध्ये मेजर हवा तर किमान पॉइंट फोर्टी, आणि तीच लांबी ठेवली की मॅगझीनमध्ये ९ एमएमपेक्षा कमी गोळ्या बसतात. मोठ्या मॅचला क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) गोळ्या १६५ च्या खाली भरल्या, तर सगळी मॅच मायनरने मोजतात. धक्का मेजरचा खाल्ला आणि गुण मायनरचे.

‘डॉट लावाच.’

यावर फार वाद नाही. चाळिशी उलटली की पुढची माशी धूसर दिसते. डॉटमध्ये नजर टार्गेटवरच ठेवायची असल्याने तो त्रास जातो. चष्मेवाल्यांनी खुशाल लावावा. फक्त डॉट हात शांत करत नाही, हाताची थरथर दाखवतो. नवा माणूस ती थरथर थांबायची वाट बघत बसतो आणि लोखंडी माशीपेक्षा हळू होतो. पट्ट्यातून पिस्तूल उपसल्यावर काचेत डॉट सापडत नसेल तर दोष पकडीचा आणि मनगटाचा. दारूगोळा न जाळता, घरी रिकाम्या पिस्तुलावर तो सुधारतो.

‘दहा गोळ्यांनी काही होत नाही.’

नियम वाचला की हे विधान पडतं. काही ठरावीक स्टेजेस सोडल्या तर गुणांसाठी मोजल्या जाणाऱ्या आठपेक्षा जास्त गोळ्या एका जागेवरून मागता येत नाहीत. त्यामुळे सिंगल स्टॅकवाले (गोळ्यांची एकच रांग असलेलं मॅगझीन वापरणारे) मेजरला आठ, मायनरला दहा भरून वर्षानुवर्षं खेळतात. मॅगझीन बदलायचं ते एका जागेवरून दुसरीकडे जाताना. पाय चालू आहेत तोवर हातांनी केलेला रीलोड जवळपास फुकट. दहा गोळ्यांची खरी अडचण वेगळी आहे: मिस भरून काढायला हातात उरतात दोनच.

‘जमलं तर ओपन घ्या.’

निकाल डिव्हिजनप्रमाणे लागतात. कॉम्पेन्सेटर (पिस्तुलाची उसळी कमी करणारा नळीच्या टोकाचा भाग) आणि मोठं मॅगझीन असलेलं ओपन पिस्तूल घेतलं की समोर सगळे तसलेच. साध्या पिस्तुलवाल्यांना हरवल्याचं समाधान फक्त एकत्रित यादीत मिळतं, आणि त्या यादीला ट्रॉफी नसते. चार-पाच हजार डॉलर त्यासाठी जरा जास्त होतात.

दुसरं म्हणजे ही पिस्तुलं मिजासखोर. स्प्रिंग, गोळीतली दारू, मॅगझीन, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. एक जॅम म्हणजे तीन सेकंद. आपल्या दुसऱ्या भिडूचा हिट फॅक्टर त्यात ६.६७ वर येतो. तो पहिल्याच्याही खाली उतरतो: सतरा स्टेज गुणांची आघाडी जाऊन सातांची पिछाडी, म्हणजे चोवीस गुणांचा फरक. नव्या माणसाला कुठलंही उपकरण घेऊन चोवीस गुण मिळत नाहीत, पण बिघडलेलं उपकरण ते घेऊन जातं. म्हणून सुरुवातीला ९ एमएमचं कुठलंही पिस्तूल जे निमूट चालतं, चार-पाच मॅगझीन, न हलणारा पट्टा. उरलेले पैसे गोळ्यांना.

हौस म्हणून ओपन घ्यायचं असेल तर जरूर घ्या. मजा वेगळीच असते, त्याला हिट फॅक्टर लावता येत नाही. फक्त मॅगझीनचे लिप्स (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) नीट जुळवून देणारा माणूस जवळपास कुठे आहे, ते आधी शोधून ठेवा.