सही पुण्याची, घरपट्टी क्युपर्टिनोची

बालगंधर्व रंगमंदिर पाडून तिथं नवं संकुल उभारायचं की आहे तेच डागडुजी करून टिकवायचं, हा पुण्यातला वाद अधूनमधून उकळतो आणि दर वेळी त्याची वाफ आमच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत पोचते. गट कॅलिफोर्नियातला. क्युपर्टिनो, सनीव्हेल, फार तर सॅन होजे. गेल्या खेपेला दोन दिवसांत तीनशेवर मेसेज पडले. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालेलं भूमिपूजन, पुलंनी त्यात घातलेलं लक्ष, २६ जून १९६८चं उद्घाटन, सगळं पुन्हा उगाळून झालं. कुणी डासांची आठवण काढली, कुणी स्वच्छतागृहांची. 'पाडा एकदाचं' म्हणणाऱ्या एकुलत्या एकाला बाकीच्यांनी सोलून काढलं. सोलणाऱ्यांत मी पुढे होतो.

याच गटात २०१९ साली 'फ्लिंट सेंटर बंद होणार' अशी बातमी कुणीतरी टाकली होती. परवा मागे जाऊन मोजलं. चार प्रतिसाद. त्यातला एक रडका चेहरा, तो माझा.

फ्लिंट म्हणजे क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचं थिएटर, १९७१ सालचं, सुमारे २,४०० खुर्च्यांचं. २४ जानेवारी १९८४ला स्टीव्ह जॉब्सनं पिशवीतून मॅकिंटॉश बाहेर काढला तो याच रंगमंचावर. बाहेरच्या जगाला तेवढंच माहीत. आम्हाला ते माहीत होतं तबल्याच्या साथीसाठी, अरंगेत्रमांसाठी (भरतनाट्यम शिकलेल्या पोरींचं पहिलं जाहीर सादरीकरण), मुंबईहून आलेल्या गाण्याच्या कार्यक्रमांसाठी. आणि हे सगळं एका कम्युनिटी कॉलेजात, हे पहिल्यांदा आलेल्या आईला समजावताना माझी दमछाक झाली होती. दोन वर्षांचं कॉलेज, प्रवेशाला मार्कांची अट नाही, राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटची फी ३१ डॉलर. त्यामुळे कुंभारकामाच्या वर्गात अठरा वर्षांची पोर आणि सत्तरीचे आजोबा एकाच चाकापाशी नंबर लावून उभे. आवारात युफ्रॅट नावाचं कलासंग्रहालय आहे, तारांगण आहे. आई म्हणाली, "म्हणजे गावचं कॉलेज." यापेक्षा चांगला अनुवाद मला अजून सुचलेला नाही.

पुण्यातल्या आमच्या कॉलेजात कला होती ती करंडकासाठी. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात घसा बसेस्तोवर ओरडलो आहे, तो माज मला अजून प्रिय आहे. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही असं ठरवलं तेव्हा पुण्यात जो गदारोळ झाला, तसा इथे कुठल्याही विद्यार्थी-नाटकावरून होणं मला तरी शक्य वाटत नाही. पण करंडक संपला की ते दार आपल्या मागे बंद होतं. पंचविशीनंतर कॉलेजच्या रंगमंचावर आपलं काय काम? इथे चाळिशीत मी कॉलेजच्या गायनवृंदात खर्जात उभा राहिलो, माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन होता आणि आमचं गाणं ऐकायला त्याची नातवंडं आली होती. स्पर्धा नव्हती. खरं सांगायचं तर थोडं बेसूरही होतं.

तर फ्लिंट. कॉलेजच्या विश्वस्त मंडळानं ते बंद करायचं ठरवलं. इमारत जुनी, भूकंपाच्या दृष्टीनं दुरुस्ती करायची तर कोट्यवधी डॉलर हवेत, आणि विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरच्यांचाच वापर जास्त. हा शेवटचा मुद्दा मला झोंबला, कारण ते बाहेरचे म्हणजे आम्ही. भाडं भरायचं, नारळ आत फोडू देत नाहीत म्हणून पार्किंगच्या कठड्यावर फोडायचा, नटराजापुढे बॅटरीवरची समई लावायची, दहाच्या ठोक्याला नेपथ्य उचलायचं आणि वडे संपले की घरी जायचं. भाडेकरूला घर पाडण्याबद्दल कोण विचारतं, असं आम्ही मनाशी म्हणालो आणि गप्प बसलो.

पण इथे विचारतात, हीच तर गोम आहे. ते मंडळ मतदार निवडून देतात. सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि कुणीही उठून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. त्याला नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत ही सबबही चालत नाही. पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, या कॉलेजांच्या बांधकामांसाठी ८९.८ कोटी डॉलरचे कर्जरोखे मतदारांनी मंजूर केले. त्याचे हप्ते आमच्या घरपट्टीतून जातात. भाडेकरू कसले, मालकच की.

थिएटर वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. मंडळाची कारणं पोकळ नव्हती, आणि एवढं मोठं धूड रिकामं पोसण्यापेक्षा शेजारचं चारेकशे खुर्च्यांचं थिएटर रोज गजबजलेलं असणं कॉलेजच्या फायद्याचं, हे मलाही पटतं. पण मोठा रंगमंच गेला की सगळ्यांचीच धाव लहानांकडे वळते. आता दिवाळीच्या प्रयोगाची तारीख मिळवायची म्हणजे आमचा सेक्रेटरी वर्षभर आधीपासून फोनला चिकटलेला असतो. तारखेच्या रडगाण्यात तो पुण्यातल्या कुठल्याही निर्मात्याला हार जाणार नाही.

गंमत अशी की मार्च २०२२ नंतर बराच काळ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती. कुणाकडे दाद मागायची याचाच पत्ता नाही, तरी तिथले कलावंत बोलत राहिले, भांडत राहिले. आमच्याकडे निवडून दिलेली माणसं, छापील विषयपत्रिका आणि घरापासून दहा मिनिटांवर सभागृह. फ्लिंट बंद झालं त्या वर्षी त्या सभागृहात मराठीतला 'अहो' तर सोडाच, आमच्यातल्या कुणाचा साधा 'एक्स्क्यूज मी'सुद्धा गेला नाही.

बालगंधर्वसाठीचं ऑनलाइन निवेदन एका मित्रानं पाठवलं तेव्हा मी लगेच सही केली. खाली पिनकोड विचारला होता. बोटं थांबलीच नाहीत, ४११००४ टाकून मोकळा झालो.