आमच्या वस्तादांचा फोटो म्हणे अश्लील!

आज सकाळी वस्तादांच्या धाकट्याचा फोन आला. "मामा, तेवढा मातीचा फोटो पाठवा की. गुरुवारी वर्षश्राद्ध हाय, फ्रेम करून तालमीत मारुतीच्या शेजारी लावायचाय." मी "बघतो रे" म्हणालो आणि फोन ठेवला. तो फोटो अश्लील ठरलाय हे त्या पोराला कुठल्या तोंडानं सांगू? दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर उभा होतो, दोन जॉब रिजेक्ट गेले. सुपरवायझर काही बोलला नाही. माझं तोंड बघून गप्प बसला असणार.

म्हणून लिहितोय. लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढं जावा.

फोटो ठेवायच्या एका साइटवर माझं 11 वर्षांचं खातं. नाव घेत नाही. दरवर्षी पैसे भरतो, फुकटातलं नाही. चार हजारांवर फोटो. आनंदवाडीचा आखाडा, येळ्ळूरचं मैदान, खानापूरकडच्या जत्रेतल्या कुस्त्या, वैशाखातल्या आमच्या शिवजयंतीचे चित्ररथ. रविवारची झोप मोडून काढलेले. गेल्या महिन्यात मेल आला की तुमच्या खात्यावरचा मजकूर 'प्रौढ नग्नता आणि लैंगिक कृती' यात बसतो, खातं बंद. खाली पुरावा म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन, त्यात धूसर केलेला फोटो. धूसर असला तरी मी ओळखला. वस्ताद माती चोळतायत.

ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे साडेपाच-सहाचा सुमार. तालमीच्या कौलात एक काचेचं कौल आहे, त्यातनं उजेडाची एकच पट्टी हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत पडते. वस्ताद तेव्हा 71 वर्षांचे, लंगोटावर. समोर 22 वर्षांचा पैलवान, पाठ करून उभा, घामानं निथळतोय. घामावर हात ठरत नाही म्हणून वस्तादांनी मूठभर लाल माती उचलली आणि पोराच्या पाठीवर चोळली. तेवढंच. धूळ उजेडात उभी राहिली होती. वस्तादांचा डावा कान कुस्तीत मोडलेला, त्या कानाच्या घडीत माती बसलेली, तीसुद्धा फोटोत दिसते. मी कॅमेरा खाली केल्यावर म्हणाले, "काढूलास काय? काढ की. पण पाय पुसून ये हौदात."

ही लैंगिक कृती.

अहो, ती माती साधी असते काय? ताक, लिंबू, हळद, कापूर, तेल घालून महिनोन् महिने मळलेली असते. चप्पल घालून कुणी हौदात पाय ठेवला तर वस्ताद त्याला दारातनंच परत लावत. आत उतरायच्या आधी माती कपाळाला लावायची. त्या जागेला देवघराइतकं जपणाऱ्या माणसाच्या फोटोवर ह्यांनी शिक्का मारला, आणि त्याच साइटवर जिममधली तेल चोपडलेली छाती चालते, जांघ्याची जाहिरात चालते. तिथं कातडी चालते कारण मागं पैसा आहे. मग लंगोट घातलेल्या मारुतीरायावरपण बंदी घाला की!

तक्रारीचा फॉर्म भरला. चार कारणांतलं एक निवडायचं, खाली पाचशे अक्षरांची जागा. पहिल्यांदा मराठीत लिहिलं. मग वाटलं, तिकडं बसलेल्याला कुठं कळायचं, म्हणून भाषांतराच्या यंत्रात टाकलं. यंत्रानं 'लंगोट'चं जे काय केलं ते इथं लिहिता येत नाही, लिहिलं असतं तर ते खरंच अश्लील ठरलं असतं. शेवटी भाच्याकडनं इंग्रजीत लिहून घेतलं. रात्री 1:40 ला पाठवलं. 1:49 ला उत्तर: 'आम्ही पुन्हा तपासलं. निर्णय कायम.' नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत आमच्याकडं माणसाला चष्मा सापडत नाही.

माणसानं बघितलंच नाही हो. यंत्रानं मोजलं, कातडी किती, कपडा किती, दोन अंगं किती जवळ. आकडा ठरलेल्या रेघेच्या वर गेला की फोटो उडाला. कुस्तीत दोन अंगं जवळच असणार की! लांबून कोण कुस्ती खेळतंय?

अर्ज करून वाट बघायची सवय आम्हां बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. 1956 ला बेळगाव महाराष्ट्राऐवजी तिकडं कर्नाटकात गेलं, तेव्हापासून बघतोय. 2004 ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात घातलेला दावा अजून चाललाय. पण तिथं निदान तारीख पडते, वकील उभा राहतो, समोर कुणीतरी खुर्चीत बसलेला असतो. इथं खुर्चीच नाही. आणि ही रड फक्त आपल्या मराठी माणसाची आहे असं समजू नका. गोकाकचा माझा एक कन्नड मित्र, जुना पैलवान, त्यानं त्यांच्या गरडी मनेचे, म्हणजे कानडी तालमीचे, फोटो टाकलेले. त्याचेही उडवले, कारणही तेच. म्हणजे ह्या एका बाबतीत सीमाप्रश्न सुटला म्हणायचा.

बरं, मान्य. असल्या साइटवर रोज गटारभर घाण येऊन पडत असणार आणि ती उपसायला माणसं पुरत नसणार. लहान पोरांच्या बाबतीत तर नियम कडकच हवेत, तालमीतल्या बारक्यांचे फोटो मी स्वतः कधी टाकत नाही. पण म्हणून 71 वर्षांच्या म्हाताऱ्याला त्या घाणीत टाकायचं?

हे इथं फेसबुकवर लिहितोय खरं, पण हे तरी कुठलं मोठं सोवळं लागून गेलंय. व्हिएतनाम युद्धातली ती बॉम्बमध्ये भाजलेली, रडत पळणारी उघडी मुलगी आठवते ना? 1972 चा फोटो, सगळ्या जगानं बघितलेला. 2016 साली तो फेसबुकनं नग्नता म्हणून काढला. नॉर्वेतल्या एका मोठ्या दैनिकाच्या संपादकानं पहिल्या पानावर झुकेरबर्गला पत्र छापलं, त्यांच्या पंतप्रधानबाईंनी तो फोटो टाकला तर त्यांचाही काढला. एवढा गदारोळ झाल्यावर फोटो परत आला. आमच्या तालमीच्या मागं कोण पंतप्रधान उभा राहतोय? आमच्या मागं वस्ताद होते, ते गेले.

बायको म्हणते, मूळ फोटो घरी का नाही ठेवलेस? बरोबर आहे तिचं. हार्ड डिस्क दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गेली, आणि साइटवर आहेत म्हणून मी बिनघोर राहिलो. ह्यावर पुढं बोलायचं काम नाही.

आता जरा शांत झालोय. जेवून आलो.

खरं सांगायचं तर खातं गेल्याचं तेवढं दुःख नाही. कुस्तीची नवी मैदानं होतील, नवे फोटो काढीन. पण वस्ताद कधी फोटोला उभे राहत नसत. सत्काराला बोलावलं तरी शाल अंगावर पडली की खाली मान घालायचे, त्यामुळं सगळ्या फोटोंत टक्कलच दिसतं. त्या पहाटे माझं असणं विसरून ते शिकवत होते, म्हणून तो एकच फोटो खऱ्या वस्तादांचा आहे. त्यांनी तो माझ्या मोबाइलवर बघितलेला. बराच वेळ बघितला, आणि स्वतःबद्दल काही न बोलता म्हणाले, "पोराचा डावा पाय चुकलाय बघ, वजन मागं टाकलंय." दुसऱ्या दिवशी त्या पोराकडनं तेवढ्यासाठी शंभर बैठका जास्त काढून घेतल्या.

त्या साइटवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की एक माणूस बसवा. कुस्ती बघितलेला नको, माझा अर्ज वाचेल आणि मग फोटो उघडेल असा कुठलाही चालेल. फोटो बघून तो 'नाही' म्हणाला असता तर मी भांडलो असतो, पण एवढा जळलो नसतो.

भाच्यानं शोधून काढलंय की 2021 साली सरकारनं ह्या कंपन्यांसाठी नियम केले, तेव्हा त्यात तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत असं लिहिलं होतं. भारतात तक्रार अधिकारी नेमायला लावला. 2022 च्या दुरुस्तीनं त्याच्यावर अपील समितीपण आली, तिच्याकडं 30 दिवसांच्या आत जायचं. अधिकाऱ्याला लिहिलं, पोच आली, एक लांबलचक नंबर आला, बाकी शांतता. रविवारी समितीकडं अर्ज टाकणार आहे. कागदावर सगळी सोय आहे, नाही म्हणत नाही. पण गुरुवार रविवारच्या आधी येतो.

मघापासून जुने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप धुंडाळतोय. एकात तो फोटो सापडला, 84 केबीचा. मोबाइलवर बरा दिसतो. फ्रेमच्या मापाला मोठा करून बघितला तर काचेच्या कौलाचा उजेड पांढरा डाग झालाय आणि कानाच्या जागी नुसते चौकोन, माती कुठली दिसतेय.

आमच्या वडगावचा एक पैलवान होता, त्यानं ह्या फोटोची मोठी प्रिंट माझ्याकडनं मागून घेतली होती, लग्नानंतर पुण्याला गेला. त्याचा जुना नंबर लागत नाही. तालमीतल्या कुणाकडं नवा असेल तर मला मेसेज करा, इथं कमेंटमध्ये टाकू नका. बुधवारी संध्याकाळपर्यंत मिळाला तरी चालेल, फ्रेमवाल्याला दुकान उघडं ठेवायला सांगितलंय.