लाइट शोमुळे स्टेडियमचे एलईडी दिवे खराब होत नाहीत

‘सामन्याआधी लाइट शोसाठी फ्लडलाइट सारखे बंद-चालू केले की ते लवकर जातात, आणि एकदा विझले की परत पेटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात,’ असा मेसेज फिरतो आहे. दुसरं विधान जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांबाबत खरं आहे: तापलेला दिवा निवल्याशिवाय पेटत नाही. २०१३ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) न्यू ऑर्लिन्सला अर्ध्या स्टेडियमची वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटं थांबला, त्यात याचाही वाटा होता. एलईडी मात्र क्षणात पूर्ण उजेड देतो.

मुळात शोमध्ये वीज तोडतच नाहीत. ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या उपकरणाचा, पुरवठा चालूच असतो. डीएमएक्स ५१२ सारख्या, दिव्यांना आदेश देणाऱ्या प्रणालीतून दिव्याला ० ते २५५ मधला आकडा जातो, ० म्हणजे अंधार. असे आदेश सेकंदाला ४४ वेळांपर्यंत बदलता येतात. मेन स्विच वारंवार पाडला तर ड्रायव्हरवर ताण येतो हे मान्य, पण ती गोष्ट वेगळी. एलईडीचं आयुष्य घटवते ती उष्णता, आणि दिवा मंद केला की ती कमीच होते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.