वाघ बघायचाय? मग आधी घाट चढा

गोव्यात राहून वाघ बघायची हौस आली असेल तर पहिली गोष्ट, सत्तरी तालुक्याकडे बघूसुद्धा नका. तिकडे वाघ नसतो. म्हणजे असतो, वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये त्याचे फोटो येतात, तिथल्या एका डोंगराचं नावच वाघेरी, जुनी माणसं वाघ्रो म्हणून देव पूजतात, पण ते सगळं सोडा हो, आपल्या सरकारचं म्हणणं असं की इथे दिसतो तो वाघ फक्त येऊन-जाऊन असतो, म्हणून गोव्यात व्याघ्र प्रकल्प नको. भिवपाची गरज ना.

तर करायचं काय, शुक्रवारी हाफ डे टाकायचा, फोंडा, मोलें करत अनमोड घाट चढायचा आणि रामनगरवरून दांडेली गाठायची. हा झाला काळी व्याघ्र प्रकल्प. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली झाला, काळी नदीचं नाव त्याला २०१५ मध्ये मिळालं. पहाटेच्या जीप सफारीचे पैसे घासाघीस न करता द्या (हो, मापशाच्या बाजारात दहा रुपयांसाठी भांडणारे तुम्हीच, पण इथे द्या). धनेश दिसेल, गवे दिसतील, शेकरू दिसेल. वाघ बहुतेक दिसणार नाही, जंगल इतकं दाट आहे की तो झाडीत बसून तुम्हाला बघेल, तुम्ही मात्र मोबाईल वर धरून नेटवर्क शोधत असाल. तरी घरी येऊन ‘कर्नाटकाने काय सांभाळलंय जंगल!’ असं स्टेटस टाकायला विसरू नका.

जाता-येता एक पथ्य पाळा, घाटात गाडीतून बाहेर फार बघू नका. कारण तुम्ही ज्यातून चाललाय ते भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यान, गोव्याचंच, आणि ते जंगल पलीकडच्या काळीच्या जंगलाला सलग लागून आहे. हे लक्षात आलं की डोक्यात नसते प्रश्न येतात, म्हणजे चेकपोस्टच्या त्या बाजूला जो वाघ राष्ट्राचा ठेवा असतो तो या बाजूला चार पावलं टाकली की लगेच भटक्या कसा होतो वगैरे. असले प्रश्न घाटात वळणावर विचारू नयेत, चक्कर येते.

म्हादईचा विषय निघाला तर मात्र छाती काढून बोला. नदी उगम पावते खानापूर तालुक्यात, कर्नाटकात, पण ती आपली आई, तिचा एक थेंब वळवू देणार नाही, पाणी वळवणारा तो कर्नाटकाचा कळसा-भांडुरा प्रकल्प चालणार नाही, कोर्टात जाऊ. बरोबरच आहे, मीही तेच म्हणतो. फक्त त्याच म्हादईच्या काठचा वाघ निघाला की पटकन म्हणायचं, तो त्यांचा हां, कर्नाटकातला. पाणी आपलं, वाघ त्यांचा. गोव्यात व्याघ्र प्रकल्प झाला तर पाण्याच्या भांडणात आपलीच बाजू भक्कम होईल असं काही लोक सांगतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, आंदोलक असतात ते.

२०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. तीन पिल्लं घेऊन ती इथे टुरिस्ट म्हणून आली होती असं समजायचं, चौकशी करायची नाही. ज्यांची गुरं वाघाने मारली त्या धनगरांना शिव्या घालायला पणजीत एसीत बसून फार सोपं असतं, गोठा आपला नसतो ना. पण त्यांना वेळेत भरपाई मिळावी म्हणून आपण एक अर्ज तरी केला का, हे कोणी विचारलं तर विषय दुधसागरवर न्या.

मग २४ जुलै २०२३ ला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं की तीन महिन्यांत गोव्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा. सरकारने तातडीने पावलं उचलली. सुप्रीम कोर्टाकडे.

तुम्हाला यातलं काहीच जमत नसेल तर दुधसागर आहेच, कुळेंहून जीप, लाइफ जॅकेट, सेल्फी. फक्त रुळांवरून चालत जाऊ नका, २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वे पोलिसांनी तसल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय.

आणि समजा चुकून, अगदीच चुकून, सत्तरीत कुठे वाघ समोर आलाच तर घाबरू नका, शांतपणे त्याच्याकडे मामलेदाराचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागा. जंगलातला वाघ जगतोच जेमतेम दहा-पंधरा वर्षं, त्यामुळे दाखला निघेपर्यंत फाईल आपोआप बंद.